तिथी, तारीख आणि मालवण

मराठी घरात दूधवाल्याचे खाडे, गॅसचा सिलिंडर लावल्याची खूण आणि मुलांच्या परीक्षा ज्या कागदावर मांडल्या जातात, तो कागद घरोघर पोचवणारा माणूस मालवणचा होता. जयंत साळगावकर 1929 मध्ये मालवणात जन्मले आणि 1973 पासून त्यांचं ‘कालनिर्णय’ निघू लागलं. वर्षभराचे सण, सुट्ट्या, एकादश्या आणि संकष्ट्या आधीच छापून भिंतीवर टांगायच्या, म्हणजे वर्ष कसं हातात आल्यासारखं वाटतं.

गंमत अशी की त्याच मालवण तालुक्यातली सर्वांत मोठी जत्रा कुठल्याही पंचांगाला जुमानत नाही. मसुरे गावच्या आंगणेवाडीतल्या भराडीदेवीच्या जत्रेला तिथी नाही, वार नाही. दिवाळीनंतर देवीचा कौल घेतात, ती दिवस देते आणि मगच तारीख जाहीर होते. तोवर कोणी कितीही मोठा असो, त्याला थांबावं लागतं. तारीख कळली की मुंबईतल्या चाकरमान्यांचे रजेचे अर्ज पडू लागतात, कोकण रेल्वे जादा गाड्या जाहीर करते, पुढारी दौरे आखतात आणि ती एक वाडी लाखोंच्या गर्दीने भरून जाते. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात जत्रेचं काहीच छापलेलं नसतं. ज्याने त्याने पेनाने लिहून घ्यायचं.

मालवणला येणारा पाहुणा मात्र पक्का तारखेचा माणूस. शुक्रवारी रात्री पुण्या-मुंबईहून निघायचं, घाट उतरून पहाटे पोचायचं. शनिवारी सकाळी किल्ला, दुपारी स्कूबा, संध्याकाळी तारकर्लीला सूर्यास्त. रविवारी देवबागचा संगम, डॉल्फिन, मग माशांचं जेवण, बाजारातून काजू, कोकम आणि खाजं घेऊन परतीचा रस्ता. एक रात्र, दोन दिवस. खोली त्याच हिशेबाने घेतलेली, पैसे आगाऊ भरलेले. या सगळ्या आखणीत समुद्राला कोणी विचारलेलं नसतं.

किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावंच लागतं. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने, नेमकं बोलायचं तर पन्नास मिनिटांनी, पुढे सरकते. कोकणात तिचा एक सोपा तोंडी हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास पाणी भरलेलं. पौर्णिमा असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी सुकती. थोडं इकडे-तिकडे होतं, पण होडी काढायला, जाळं टाकायला किंवा तिसऱ्या वेचायला जायला एवढा अंदाज पुरतो. कॅलेंडरच्या चौकोनात ठळक आकडा तारखेचा आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरं तिथीची. शहरातला माणूस ठळक आकडा बघून पगाराचा दिवस काढतो. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचा माणूस त्याच चौकोनातली बारीक अक्षरं बघून पाणी काढतो.

आणि पाणी नुसतं कधी येतं एवढंच नव्हे, किती येतं हेही तिथीवरच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. भरती वरपर्यंत चढते आणि ओहोटीला समुद्र लांबवर मागे जातो. सप्तमी-अष्टमीला भांग, तेव्हा पाण्याची ये-जा मंद. त्यामुळे एकाच तारकर्लीत पौर्णिमेच्या दिवशी मावळतीला आलेल्या पाहुण्याला ओली, रुंद, आरशासारखी पुळण मिळते, तर आठवड्याने आलेल्याला त्याच वेळी पाणी बरंच वर आलेलं दिसतं. दोघेही परत जाऊन मित्रांना तारकर्लीचं वर्णन सांगतात आणि दोघांची वर्णनं जुळत नाहीत. मालवणच्या रॉक गार्डनचंही तसंच. भरतीला तिथे खडकावर लाटा फुटताना बघायच्या. सुकतीला तेच कातळ उघडे पडतात, त्यांच्या खळग्यांतून पाणी साचतं आणि त्यात वाकून बघणाऱ्याला खेकडे, शंख आणि खडकाला धरून राहिलेले छोटे जीव दिसतात. बहुतेक लोक संध्याकाळी येतात, कठड्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि भेळ खाऊन जातात.

सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या बंदरावरून अगदी हाकेच्या अंतरावर दिसतो. तरी होडी सरळ जात नाही. जेट्टी सोडली की ती एकदा डावीकडे वळते, मग उजवीकडे, मध्येच वेग कमी करते. नवख्याला वाटतं, तांडेल उगाच फिरवून आणतोय. पण बंदर आणि किल्ला यांच्यामध्ये पाण्याखाली खडकांची रांग आहे आणि त्यातून जाणारी वाट ठरलेली आहे. किल्ल्याच्या जागेची निम्मी ताकद या खडकांत होती. तटापर्यंत येणाऱ्या परक्या गलबताला तोफेच्या आधी तळाची चिंता पडे. उतरताना होडीवाला बजावतो, “तासाभरात परत येवा हां, नायतर होडी चुकतली.” त्या तासाभरात तीन किलोमीटरच्या आसपास तटबंदी असलेला किल्ला बघायचा असतो.

कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया 25 नोव्हेंबर 1664 ला घातला गेला. काम तीनेक वर्षं चाललं. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली अठ्ठेचाळीस एकरांच्या बेटाभोवती तीस फूट उंच आणि बारा फूट रुंद तट उभा राहिला, पायात शिसं ओतलं गेलं. आजही होडीतून उतरल्यावर दरवाजा कुठे आहे ते पटकन कळत नाही. दोन बुरुजांच्या कुशीत वळण घेऊन तो लपलेला आहे. आत शिरल्यावर जवळच, तटावर दोन छोट्या घुमट्या दिसतात. त्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत आणि ते शिवाजी महाराजांचे मानले जातात. पुढे शिवराजेश्वर मंदिर. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, 1695 मध्ये ते उभं राहिलं. इथली महाराजांची मूर्ती पुस्तकांतल्या चित्रांसारखी नाही, तिला दाढी नाही. गाभाऱ्याच्या अंधारात डोळे सरावेपर्यंत लोक आपल्या ओळखीचा चेहरा शोधत राहतात.

चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. गाइड त्यांची नावं मोठ्या हौसेने सांगतो आणि ऐकणारे विहिरीत डोकावून पुढे जातात. खरं तर किल्ल्यातल्या सगळ्या वास्तूंत मोलाची गोष्ट तीच आहे, कारण पावसाळ्यात एकदा का होड्या बंद झाल्या की तटाच्या आत जे असेल त्यावर दिवस काढावे लागत. किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या काही कुटुंबं राहत आली. त्यांच्या लेखी आषाढ म्हणजे काय, हे पाहुण्यांच्या गर्दीत ताक विकणाऱ्या बाईला विचारावं. पश्चिमेच्या बाजूला तटाला लागून ‘राणीची वेळा’ म्हणून चिमुकली पुळण आहे. तिचं नाव ताराराणीशी जोडतात. तिथवर जायचं तर तासाभराची होडी चुकते, म्हणून फार थोडे जातात.

या किल्ल्यालाही पाहुणे आले आणि गेले. 1765 मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि त्याचं नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवलं. पुढच्याच वर्षी करवीरकरांशी तह होऊन किल्ला परत गेला आणि ते नाव कागदावरच राहिलं. कायमचा अंमल बसायला इंग्रजांना आणखी जवळजवळ अर्धं शतक लागलं. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत सिंधुदुर्गही आहे आणि थेट तमिळनाडूतली जिंजीही, जिथून राजाराम महाराजांनी राज्य चालवलं. त्यानंतर बंदरावरच्या रांगा वाढल्या. होडीची वाट अर्थात तीच, वळणावळणाची.

किल्ल्याचं भूमिपूजन मात्र किल्ल्यावर झालेलंच नाही, असं मालवणात सांगतात. ते झालं पाण्याच्या अलीकडे, दांडीच्या किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्यापाशी. हा एक काळा खडक आहे. त्यावर गणपती, सूर्य, चंद्र आणि शिवलिंग कोरलेलं आहे. तिकीट नाही, रांग नाही, फलकापलीकडे दाखवायला काही नाही. सकाळी बाजूला जाळी वाळत असतात आणि कोणीतरी येता-जाता एखादं जास्वंदाचं फूल ठेवून गेलेलं असतं.

दिवाळी पाडव्याला देऊळवाड्यातून रामेश्वर आणि नारायणाच्या पालख्या निघतात त्या किनाऱ्यानेही जातात. वाटेत घराघरांपुढे रांगोळ्या असतात, बाजारपेठ दिव्यांनी उजळलेली असते आणि वर्षभर मुंबईत असलेली माणसं त्या संध्याकाळी आपापल्या दारात उभी असतात. पाडवा म्हणजे पर्यटनाचाही ऐन हंगाम. गाड्यांना शिरायला जागा नसते. हॉटेलात उतरलेला पाहुणा काउंटरवर विचारतो, आज रस्ता कधी मोकळा होईल? पालखी पुढे गेली की, असं उत्तर मिळतं. पालखी कधी पुढे जाईल? ती थांबत थांबत जाते, त्याला काय करणार.

मालवणच्या यादीत अलीकडे किनाऱ्यावरच्या राजकोट किल्ल्याची भर पडली. 4 डिसेंबर 2023 च्या नौदल दिनी इथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. नवा, आधीच्यापेक्षा बराच उंच पुतळा 2025 च्या मे महिन्यात उभा राहिला. समोरच्या बेटावरचा तट साडेतीनशे वर्षं खारा वारा खातो आहे. लोक राजकोटवर उभे राहून एकदा पुतळ्याकडे आणि एकदा किल्ल्याकडे बघतात. त्यांना तेवढं पुरतं, कोणी काही बोलून दाखवत नाही.

स्कूबाला जाणारे मात्र बरंच बोलतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने पाणबुडीचं प्रशिक्षण केंद्र काढलं आणि पाठोपाठ किनाऱ्यावरच्या पोरांनी हा धंदा उचलला. आज मासेमारीच्या घरातला विशीतला मुलगा पाठीवर सिलिंडर बांधून कोल्हापूर-सांगलीच्या काकांना पाण्याखाली नेतो. आधी होडीवरच शिकवणी होते. श्वास तोंडाने घ्यायचा, नाकाने नाही. कानाला दडा बसला तर नाक दाबून हवा सोडायची. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. अंगठा वर करायचा नाही, कारण पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा आहे.

मग काका खाली जातात. प्रवाळाजवळ पोचतात, पट्टेरी माशांचा थवा तोंडापुढून जातो, समोर कॅमेरा धरलेला असतो आणि आयुष्यभराच्या सवयीने काकांचा अंगठा वर जातो. मुलगा इमानाने त्यांना वर आणतो. वर आल्यावर काका विचारतात, इतक्यात कसं संपलं? मुलगा हसून म्हणतो, “काका, तुमीच सांगितलास.” आणि पुन्हा खाली नेतो.

समुद्राच्या कुठल्याही कारभारात वाऱ्याचं म्हणणं शेवटचं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. तेव्हा पाणी शांत असतं, तळ दिसतो. ऊन चढलं की वारा फिरतो, समुद्रावरून येऊ लागतो, लाटा उठतात, वाळू ढवळते. म्हणून स्कूबावाले सकाळी लवकर या म्हणतात आणि रात्रभर गाडी चालवून आलेला पाहुणा सावकाश नाश्ता करून अकराला पोचतो. पाणी गढूळ दिसलं की तो चिडतो. शहरात पैसे भरले की वस्तू मिळते. इथे वस्तू तीच असते, तिची वेळ टळून गेलेली असते.

याच पाण्यात 1987 मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र एकोणतीस चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यात किल्ल्याभोवतीचा आणि शेजारच्या पद्मगड किल्ल्याजवळचा भाग येतो. स्थानिक मच्छीमारांनी त्याला सुरुवातीपासून विरोध केला, कारण ज्या खडकांभोवती पोटापाण्याचा मासा मिळतो तेच खडक राखीव झाले. आता त्याच खडकांवरचं प्रवाळ बघायला पाहुणे येतात आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या होड्याही त्याच वाड्यांतल्या. काल जाळं टाकणाऱ्याला आज प्रवाळ टिकायला हवं आहे. नांगर टाकताना तो जागा बघून टाकतो. सगळेच बघतात असं नाही.

चिवला बीचवर, देवबागला किंवा तारकर्लीला सकाळी रापण बघायला मिळाली तर बाकीची यादी खुशाल बाजूला ठेवावी. होडी किनाऱ्यावरून निघते, जाळं सोडत सोडत समुद्रात मोठा अर्धगोल घेते आणि बरीच लांब पुन्हा पुळणीला लागते. जाळ्याची दोन टोकं आता दोन टोळ्यांच्या हातात. मग ओढणं सुरू होतं. माणसं दोरावर अंग टाकून पाठमोरी मागे सरतात, शेवटचा माणूस दोर सोडून पुढे धावतो आणि पाण्यालगत पुन्हा दोर धरतो. म्हातारे आहेत, शाळा बुडवलेली पोरं आहेत. तास-दीड तास हे चालतं. दोन टोळ्या हळूहळू जवळ येतात, जाळ्याचा फास आवळत जातो, वर घारी आणि कुरव घिरट्या घालू लागतात, पुळणीवरचे कुत्रे उठून उभे राहतात. हौशी पाहुणेही चप्पल काढून दोराला हात लावतात. त्यांना कोणी नको म्हणत नाही. त्यांच्या ओढण्याने काही फरकही पडत नाही.

जाळं वाळूवर आलं की पाच मिनिटांत सगळा हिशेब उघडा होतो. तारले, पेडवे, मध्येच चमकणारे बांगडे, एखादा इसवण असेल तर ओरडा. जेलीफिश बाजूला. केंड मासा फुग्यासारखा फुगून बसलेला, त्याला पोरं लांब भिरकावतात आणि पाहुण्यांची मुलं त्याचाच फोटो घेतात. टोपल्या घेऊन बायका आधीच बसलेल्या असतात, दर तिथेच ठरतो. मग वाटे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा. दिवस वाईट असला तर पाटीभर मासळी पन्नास जणांत वाटली जाते आणि तरी कोणी भांडताना दिसत नाही. भांडण आहे ते बाहेर, खोल पाण्यात. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी थवेच्या थवे उचलले की किनाऱ्याला येणारा मासा आटतो, ही पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार. त्यासाठी मालवणात मोर्चे निघाले, समुद्रात बोटी अडवल्या गेल्या. 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर काळाची आणि क्षेत्राची बंधनं घातली. ती पाळली जातात का, हा प्रश्न आजही मालवणच्या बंदरावर कोणालाही विचारावा, चहा गार होईपर्यंत उत्तर संपत नाही.

जेवणाच्या टेबलावर पाहुण्याचं आणि समुद्राचं वेळापत्रक समोरासमोर येतं. पाहुण्याला सुरमई हवी असते, पापलेट हवं असतं आणि कार्डावर दराच्या जागी ‘सीझनप्रमाणे’ लिहिलेलं असतं. न्याहारी-निवासाची पाटी लावलेल्या घरात उतरलं तर हा घोटाळा होत नाही. तिथली बाई सकाळीच सांगते की आज बांगडो बरो मिळालो, तिरफळं घालून तिखलं करतंय. तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं, हेही सांगते आणि तरी प्रत्येक टेबलावर एक जण ते चावतोच. सोबत तांदळाची भाकरी किंवा भात आणि वाटीत सोलकढी. त्या कढीतली सोलं एप्रिल-मेच्या उन्हात अंगणात वाळवून ठेवलेली असतात. सोमवारी आलेल्या पाहुण्याला बाजार थोडा मंद दिसतो, कारण निम्मं गाव त्या दिवशी शिवराक, म्हणजे शाकाहारी. श्रावणात तर जवळजवळ सगळंच. मासे मिळत नाहीत म्हणून हिरमुसलेल्याला खतखतं, घावणे किंवा रसातल्या शिरवळ्या मिळाल्या, तर मालवणचं निम्मं स्वयंपाकघर आपल्याला ठाऊकच नव्हतं हे कळतं. पण यादीत ते नसतं, म्हणून कोणी मागत नाही.

मे संपत आला की बंदर आवरलं जातं. किल्ल्याच्या होड्या ओढून वर घेतात, त्यांवर झापं पडतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. कोकण रेल्वेसुद्धा पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक लावते, गाड्यांचा वेग कमी करते आणि कुडाळला उतरणाऱ्या माणसाला जास्त वेळ गाडीत बसावं लागतं. पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी आलं की चढणीचे मासे धरायला रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन पोरं निघतात. खाडीतल्या कुर्ल्या मिळतात. डब्यांतून सुके बांगडे आणि गोलमा बाहेर येतो. पाहुण्यांच्या भाषेत याला ‘ऑफ सीझन’ म्हणतात. शेतं लावली जातात ती याच दिवसांत.

सरकारी बंदी 31 जुलैला उठते, पण मालवणचा दर्या नारळी पौर्णिमेशिवाय उघडत नाही. त्या दिवशी बंदरावर गाव लोटतं. सोन्याचा मुलामा दिलेलं श्रीफळ वाजतगाजत आणून समुद्राला अर्पण करतात. बंदरावर नारळ लढवण्याच्या स्पर्धा लागतात. एकाने नारळ धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर आपटायचं, ज्याचा फुटेल तो हरला. हल्ली बायकांच्या स्पर्धांना पुरुषांपेक्षा जास्त गर्दी असते. कठीण कवचीचा नारळ कुठल्या माडाचा, हे ज्याला त्याला माहीत असतं आणि कोणी सांगत नाही. पौर्णिमा कधी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येते, कधी अखेरीला. कायद्याप्रमाणे मोकळा झालेला समुद्र मधले दिवस तसाच पडून असतो, निदान जुन्या माणसांसाठी. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या तरुणांना इतकं थांबणं नेहमीच परवडत नाही आणि त्यावरून घरोघरी थोडी कुरबुर होते.

पाऊस सरला की देवळादेवळांतून जत्रा सुरू होतात आणि जत्रेत रात्री दशावतार. पाहुण्याला हे कळतं ते बहुधा रस्त्यात पेटलेल्या दिव्यांवरून. गणपतीची पूजा, संकासुराचा धुमाकूळ, मग आख्यान. लिहिलेली संहिता नसते, नट उभ्या उभ्या बोलतात, पेटी आणि मृदंग त्यांच्या मागून धावतात. नाटक ऐन रंगात येतं ते मध्यरात्रीनंतर आणि संपतं उजाडताना. मच्छिंद्र कांबळी यांनी गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ 1980 मध्ये रंगभूमीवर आणून मालवणी बोली मुंबईच्या नाट्यगृहांत ऐटीत उभी केली. गावात बसवलं जाणारं पौराणिक नाटक आणि त्याचा उडणारा बोजवारा, हाच त्या नाटकाचा विषय. त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले. ज्यांनी ते शिवाजी मंदिर नाट्यगृहात तिकीट काढून बघितलं त्यांनी एकदा देवळापुढच्या मांडवात पहाटे तीन वाजता चटईवर बसावं. शेजारी कोणाची तरी आजी बसल्या बसल्या झोपलेली असते आणि राक्षस आला की बरोबर जागी होते.

परतीच्या दिवशी कुडाळच्या रस्त्याला धामापूरचा तलाव लागतो. 1530 मध्ये बांधलेला, काठावर भगवतीचं देऊळ, भोवती झाडी. आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने 2020 मध्ये त्याची जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून नोंद केली. यादीत तो असतो, पण गाडीची वेळ झालेली असते, म्हणून पुष्कळजण काच खाली करून पाहतात. चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाल्यापासून विमानाने येण्याचीही सोय झाली. मुक्काम त्यामुळे लांबला नाही, फक्त आणखी घट्ट बसवला गेला.

सुट्टी मालवण तालुक्यातली माणसंही घेतात, पण ती त्यांना दिली जाते. उत्तरेला आचरा गाव आहे, बारा वाड्यांचं. तिथे दर काही वर्षांनी गावपळण होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला, नौबत वाजली की सगळं गाव उठतं. घरांना कड्या घालून माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री वेशीबाहेर पडतात आणि शेजारच्या गावांच्या हद्दीत, खाडीच्या काठाला माडाच्या झापांच्या राहुट्या घालतात. तीन दिवस, तीन रात्री गाव रिकामं. हिंदू जातात तसे मुसलमानही जातात, देवाचा शब्द सगळ्या गावाला लागू. राहुट्यांतून चुली पेटतात, खाडीत गरी टाकली जाते, रात्री भजनं आणि फुगड्या होतात, एरवी बोलणं बंद असलेली दोन घरं शेजारी शेजारी मीठ-मिरची मागतात. मुंबईहून खास रजा टाकून आलेले भाऊबंद त्यांच्यात असतात आणि त्यांच्या खिशात परतीची तिकिटं असतात. तीन रात्री सरल्या की पुन्हा देवळात कौल लावतात. देवाने हो म्हटलं तर गाव भरतं. नाही म्हटलं तर राहुट्या उतरत नाहीत, मुक्काम वाढतो आणि मग मुंबईवाले रेल्वेला फोन करून आपली तारीख बदलून घेतात.